नामदेवतात्यांचा उघडा फळा

नामदेवतात्यांच्या कानात कुणी काही सांगितलं आणि ते कानातच राहिलं, असं वरकुट्यात कधी झालं नाही. माणूस जवळ यायचा, तोंडाआड हात धरायचा आणि हळूच म्हणायचा, "तात्या, तेवढं बघा की जरा." तात्या दोन पावलं मागं सरकायचे आणि पार रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय म्हणलास? दुसऱ्याच्या आधी पाणी पायजे?" मग त्या माणसाला पळता भुई थोडी व्हायची.

तात्या तिथल्या उपसा सिंचन संस्थेचे पाटकरी. कालव्यातनं पंपानं पाणी उचलायचं, पाइपलाइननं वस्त्यांवर न्यायचं, आणि कुणाच्या रानात कधी किती तास सोडायचं ते ठरल्याबरहुकूम सांभाळायचं, हे पाटकऱ्याचं काम. एक आवर्तन तीन आठवड्यांचं. त्यात प्रत्येकाची पाळी एकदाच येते, आणि ती हुकली की पुढचे तीन आठवडे पिकाकडं बघत बसायचं. त्यामुळं पाटकऱ्याला सगळेच जपून असतात. तोंडावर चहा आणि पाठीमागं शिव्या. तात्या चहासुद्धा चारचौघांत प्यायचे. कुणी एकट्यालाच पाजायला लागला तर म्हणायचे, "सगळ्यांना सांग, न्हायतर मला नगं."

मी अंथुर्ण्याचा. बारामतीत एका लहानशा फर्ममधे नोकरी करतो. संस्था, डेअऱ्या, दवाखाने यांच्याकडं राऊटर बसवणं, केबल ओढणं, बंद पडलं की धावत जाणं हे माझं काम. गावोगावी मला वायफायवाला म्हणतात. तात्या इंजनेर म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आता तात्या लेकीकडं काटेवाडीला असतात आणि आमची गाठ पडत नाही. पण हे लिहायला बसलं की माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो. राऊटरचा राग येतो, कंपन्यांच्या अटींचा येतो, माझ्या मालकाचा येतो, तात्यांच्या हट्टाचासुद्धा येतो. सगळ्यात जास्त कुणाचा येतो ते पुढं येईलच.

तात्यांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा. त्यात खडू. पंपहाऊसच्या भिंतीवर हातभर उंचीचा, चांगला चार हात लांब फळा होता आणि त्यावर अख्ख्या आवर्तनाच्या पाळ्या तात्यांच्या अक्षरात. कुणाची पाळी कुणाच्या जागी सरकली, का सरकली, सगळं त्यावर. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला आणि वर शब्द लिहिलेला, 'चूक'. ज्याच्या हातनं दुसऱ्याचं नुकसान झालं, त्यानं तिथं आपल्या हातानं लिहायचं, नावासकट. आणि ज्याचं नुकसान झालं त्यानंच ते पुसायचं, तेही एक आवर्तन उलटल्यावर. हा नियम तात्यांनीच काढलेला, आणि त्या चौकोनात सगळ्यात जास्त वेळा नावही त्यांचंच.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा चौकोनात लिहिलं होतं: 'मला डुलकी लागली. अर्धा तास पाणी ओढ्याला गेलं. नामदेव.' ज्याचं पाणी गेलं होतं तो गडी माझ्यादेखत फडकं घेऊन आला. त्यालाच लाज वाटत होती, म्हाताऱ्या माणसाचं नाव असं टांगून ठेवायची. तात्यांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"आवर्तन झालंय का?"

"न्हाय, पण ऱ्हाऊ द्या की तात्या. अर्ध्या तासानं काय माझं जळून गेलं न्हाय."

"मग लोकांनी वाचायच्या आत पुसतोस व्हय? झाकलं की नासलं, ध्यानात ठीव."

झाकलं की नासलं. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणी 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणालं की तात्या उसळायचे. "त्याची मूठ उघडा आधी. आत खडूचा तुकडाबी निघायचा न्हाय."

संस्थेच्या चेअरमनची गोष्ट तर सगळ्या इंदापूर तालुक्यात झाली होती. चेअरमनना आपला ऊस दोन दिवस आधी भिजवून पाहिजे होता. असं उघड कसं म्हणणार? म्हणून त्यांनी तात्यांना खांद्याला धरून पंपाच्या पाठीमागं नेलं. तिथं एवढा आवाज असतो की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. चेअरमननी कानाला तोंड लावून जे सांगायचं ते सांगितलं. तात्यांनी मान डोलावली, शांतपणे पुढं गेले आणि पंप बंद केला. एकदम सामसूम. बाहेर बसलेली दहा-बारा माणसं काय झालं म्हणून आत आली. मग तात्या म्हणाले, "हां, आता बोला चेअरमनसाहेब. मगाशी ऊस म्हणला का केळी?"

चेअरमन हसले. हसण्यावारी नेलं. पण चेअरमन ते विसरले असतील असं मला कधी वाटलं नाही.

फोनचं खूळ तात्यांच्या डोक्यात मीच घातलं, की त्यांनी माझ्या, हे आता सांगता येत नाही. पंपहाऊसवर मी साधा राऊटर आणि उंच खांबावर अँटेना बसवली होती, मीटरचे आकडे बारामतीला जावेत म्हणून. समोर फाट्यावरच्या दूध संकलनाच्या शेडवर दुसरी अँटेना होती, त्यामुळं त्याचं वायफाय थेट तिथंपर्यंत पोचायचं. तात्यांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दूध घालायला तिथंच येतं आणि फळा मात्र तिथनं पाऊण मैल खाली, कालव्याला.

"इंजनेर, माझ्या फोनात लिवलं तर शेडवर त्यांच्या फोनात दिसंल का?"

मी म्हणालो, "तात्या, मोबाईल हा मागणारा असतो. गाणी माग, बातम्या माग. देणारी मशिन लांब कुठंतरी असती, तिला सर्व्हर म्हणतात. पण एक ॲप टाकलं, तर आपला मोबाईलच देणारा होतो. त्या वायफायवरनं कुणी मागितलं, की हा पान देणार."

"कुणीबी मागितलं तरी?"

"कुणीबी."

"तोंड बघून न्हाय देत?"

"नाही."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मग ह्यो पाटकरीच की रं!"

मग आम्ही त्यांचा जुना, काच तडकलेला फोन एका प्लास्टिकच्या डब्यात घातला, चार्जर कायमचा लावला आणि डबा पंपहाऊसच्या कोनाड्यात ठेवला. त्यात पाळ्यांचं पान. खाली 'चूक'चा चौकोनसुद्धा त्यांनी काढून घेतला माझ्याकडनं. लिहिणं फक्त त्यांच्याच फोनवरनं होईल, एवढं कुलूप लावायला मी त्यांना कसंबसं तयार केलं. "खडू माझ्या खिशात, फळा सगळ्यांचा. चाललं," म्हणाले. बघायला मात्र पासवर्ड नको म्हणजे नकोच.

"बारामतीला माळवं घिऊन गेलेल्याला तितनं दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सिमकार्डवाली कंपनी बाहेरनं कुणाला मोबाईलमधे येऊ देत नाही. मोबाईलनं मागावं, देऊ नये, असं त्यांचं धोरण."

"का?"

"सुरक्षितता."

"देणाऱ्याची भ्या वाटती व्हय त्यांना?" तात्या म्हणाले. मी हसलो आणि केबल गुंडाळायला लागलो.

दीड वर्ष ते पान बिनबोभाट चाललं. दूध घालायला आलेला माणूस कॅन खाली ठेवायचा, फोन काढायचा, पाळी बघायचा, कॅन उचलायचा. शालनवहिनींनी तर फोनच्या पहिल्या पानावर त्याचं चिन्ह करून घेतलं होतं. वहिनींचं दीड एकर माळवं, म्हणजे भाजीपाला, घरात करणाऱ्या त्या एकट्याच, नवरा पुण्याला टेम्पोवर. त्या म्हणायच्या, "तात्याचं पान बघितल्याशिवाय मी च्या पित न्हाय."

मग पंपाला नवीन ऑटोमॅटिक पॅनल आलं. घरबसल्या मोबाईलवरनं पंप चालू-बंद. पॅनलवाल्या कंपनीची अटींची यादी आली आणि ती पाळून नवा राऊटर बसवायचं काम आमच्या फर्मला मिळालं. अटीत एक ओळ अशी की, वायफायवरची यंत्रं फक्त बाहेर इंटरनेटला जातील, एकमेकांशी बोलणार नाहीत. अट चुकीची नव्हती, हीच तर पंचाईत. शेडवर उभ्या राहिलेल्या कुणाही टवाळाचा फोन पंपाच्या पॅनलशी बोलायला लागला तर उद्या अख्खं गाव बुडवील. राऊटरच्या पानावर त्यासाठी एक बारका चौकोन असतो. त्यात टिक केली की झालं. मी केली. त्या वेळी माझं अर्धं लक्ष दुपारी इंदापूरला एका दवाखान्यात जायचं होतं, त्यात होतं.

पॅनल नेमकं फळ्याच्या भिंतीवर आलं. खोलीला कुलूप लागलं, आत सभासदांनी यायचं नाही. फळा काढून मागं जुन्या पाइपांवर टाकला. तात्या त्याच्याकडं बघत उभे होते. "ह्यो कुठं लावायचा आता?"

"फोन आहे की तात्या," मी म्हणालो. "फळ्याची काय गरज?"

हे वाक्य मी बोललो. दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या दिवसापासनं बोंब सुरू झाली. शेडवर पान उघडेना. नुसतं चाक फिरत राहायचं. माणसं तात्यांकडं यायची, "तात्या, दिसंना." तात्या डबा उघडून आपल्या फोनवर पान काढायचे आणि समोर धरायचे. "ही काय. दिसतंय की." दिसणारच. आपल्याच फोनातलं पान आपल्या फोनला दिसायला मधे राऊटर लागत नाही. पण हे त्यांना कुणी सांगायचं? ज्यानं सांगायचं तो मी, दोनदा येऊन गेलो. येताना लॅपटॉप आणला, सवयीप्रमाणं राऊटरला केबलनं जोडला, पान टचकन उघडलं. मी म्हणालो, "माझ्याकडं तर दिसतंय." त्याच आठवड्यात तात्यांच्या फोननं काहीतरी नवीन अपडेट घेतलं होतं, म्हणून मी बॅटरीच्या सेटिंगला दोष दिला, ॲपच्या परवानग्यांना दिला, आणि शेवटी लोकांच्या स्वस्तातल्या फोनांना दिला. केबलला तो चौकोन लागू होत नाही, फक्त वायफायला होतो, हे धंद्यात पोरंटोरं सांगतील. माझ्या डोक्यात नाही आलं ते नाहीच.

"नक्की दिसतंय नव्हं?" तात्यांनी विचारलं.

"नक्की. त्यांना म्हणावं, तुमचे फोन बघा."

तात्यांनी गावाला तसंच सांगितलं. इंजनेर म्हणतोय दिसतंय, म्हणजे दिसतंय. माझ्या शब्दावर त्यांनी आपला शब्द टाकला.

त्याच आवर्तनात वरच्या अंगाला एकाचा पाइप फुटला. त्याची पाळी मागं गेली आणि शालनवहिनींची एक दिवस आधी आली. तात्यांनी लगेच फोनात लिहिलं. वहिनींना निरोप धाडला नाही. निरोप ते कुणालाच धाडायचे नाहीत. एकाला खासगीत सांगितलं की दुसऱ्याला का नाही, म्हणून सगळं फक्त फळ्यावर. या हट्टापायी मी त्यांच्याशी कितीदा वाद घातला असेल. वहिनींनी शेडवर फोन काढला, चाक फिरलं, त्यांनी फोन आत ठेवला आणि आधीची तारीख धरून चालल्या. त्यांच्या पाळीला रानात कुणी नव्हतं. व्हॉल्व्ह उघडायला कुणी नसलं की नियमानं पाणी पुढच्याला जातं. पुढचं रान तात्यांच्या पुतण्याचं.

वहिनींचा फ्लॉवर गड्डा धरायला लागला होता. पुढचे तीन आठवडे त्यांनी शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी हातापाया पडून घेतलं, तरी निम्मा प्लॉट गेला. मी तो बघितलाय. पिवळी पडलेली पानं आणि मधे लिंबाएवढे गड्डे.

गावाला मग दुसरं काय पाहिजे? फाट्यावर, शेडवर, सलूनमधे एकच. "पान झाकून ठिवलं आन् पुतण्याला पाणी दिलं. आपल्याला दिसंना, म्हाताऱ्याला तेवढं बरं दिसतंय!" ज्या माणसानं आयुष्यभर कानातलं कानात ठेवलं नाही, त्याच्यावर झाकल्याचा आळ. तात्या रोज डबा उघडून येईल त्याला फोन दाखवत बसायचे, आणि जितकं दाखवतील तितका संशय वाढायचा. मला रोज फोन करायचे. "इंजनेर, ये बाबा एकदा. काय तरी हाय ह्यात." मी म्हणायचो, "तात्या, मी बघितलंय ना." शेवटी शेवटी मी त्यांचा फोन उचलेनासा झालो.

संस्थेची सभा लागली. तिच्या दोन दिवस आधी मी पंपहाऊसवर गेलो, तेही पॅनलच्या दुसऱ्याच कामासाठी. आणि केबल बारामतीला टेबलावर राहिलेली. म्हणलं चला, वायफायवर घेऊ. सहज तात्यांचं पान मारलं. चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी राऊटरचं सेटिंग उघडलं. तो बारका चौकोन आणि त्यातली टिक डोळ्यासमोर आली.

मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "विलास, सभेत तोंड सांभाळून बोल. कॉन्फिगरेशनचा इश्यू होता म्हण. माणसाचा नको. आणखी तीन संस्थांचं काम आपल्याकडं येतंय." माझा घराचा हप्ता, पोरीची शाळा, सगळं डोक्यात आलं. तात्या बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं. वीस पावलांचं अंतर होतं.

सभेला दीडशे माणूस होतं. चेअरमन उभे राहिले. "तात्या, सगळ्यांना दिसंना आन् तुमाला तेवढं दिसत हुतं, हे कसं काय? आमच्या अडाणी डोक्याला जरा समजून सांगा." पंप बंद केल्याचं उट्टं ते असं काढत होते.

तात्या काही बोलायच्या आत शालनवहिनी उठल्या. चेअरमनकडं न बघता त्या बोलल्या. "तात्या, तुमी झाकलं का न्हाय मला म्हायीत न्हाय. पण मला एक फोन का न्हाय केला?"

"एकीला केला आन् दुसरीला न्हाय, असं झालं असतं, शालन."

"मग सगळ्यांना करायचा. माझं रान वाळलं हो."

तात्या वहिनींकडं तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "ते माझं चुकलं. सांगायला पायजे हुतं मी. पण झाकलं न्हाय. का दिसंना, ते इंजनेरला इचारा."

दीडशे माणसं माझ्याकडं वळली. मी उठलो आणि म्हणालो, "नवीन नेटवर्क सिक्युरिटी पॉलिसीनुसार राऊटरवर क्लायंट आयसोलेशन एनेबल होतं. त्यामुळं मोबाईल सर्व्हरचा लोकल ॲक्सेस ब्लॉक झाला." यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि एकालाही काही कळू नये, म्हणूनच मी ते तसं बोललो. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हंजी म्हाताऱ्यानंच काय तरी ब्लॉक केलं म्हणा की." चेअरमननी मान हलवली.

तात्या माझ्याकडं वळले. "इलास," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "हे मराठीत सांग की."

"तात्या, ते जरा टेक्निकल आहे."

"बरं."

एवढंच. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली, खिशातला खडू काढून तिच्याशेजारी ठेवला आणि चप्पल घालून गेले. कुणी थांबवलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी राऊटरवर दोन वेगळी वायफाय केली, एक पॅनलसाठी, एक तात्यांच्या फोनसाठी. अट पाळली जाते, पानही दिसतं. तासाभराचं काम. पहिल्याच दिवशी करता आलं असतं. शेडवर पान टचकन उघडलं. पुढं दोन दिवसांनी नवीन पाटकरी आला, त्यानं चेअरमनच्या सांगण्यावरनं पहिलं काय केलं असेल तर पानाला पासवर्ड घातला. पासवर्ड चेअरमनकडं. पाळी बघायची तर आधी त्यांच्या घरी फोन करायचा. "सिक्युरिटी हाय," नवा पाटकरी मला म्हणाला. माझाच शब्द मला ऐकवला.

पण त्या सकाळी राऊटरचं काम करून निघताना मागं जुन्या पाइपांकडं नजर गेली. फळा तिथं नव्हता. तो बाहेर लिंबाच्या खोडाला तारेनं बांधलेला. पाळ्यांची जागा कोरी, फक्त खाली चौकोनात तात्यांचं अक्षर: 'शालनला मी सांगायला पायजे होतं. नामदेव.' किल्ली टेबलावर ठेवून हा माणूस घरी गेला नव्हता. आधी इकडं आला होता, फळा ओढून काढला होता, आणि आपली चूक लिहून मगच गेला होता. खिशातला खडू तर त्यांनी सभेत ठेवला होता. कुठनं आणला कुणास ठाऊक.

मला तिथं हुंदका फुटला, लपवत नाही. स्वतःवरच्या रागाचा होता. तसाच फाट्यावर गेलो, किराणा दुकानातनं खडूची पेटी घेतली आणि परत आलो. चौकोनात जागा पुरेना, म्हणून बाहेर, पाळ्यांच्या कोऱ्या जागेवर लिहिलं:

'नवा राऊटर बसवताना एका फोनचं दुसऱ्या फोनला दिसणं मी बंद केलं. म्हणून तात्यांचं पान कुणाला दिसेना. तात्या खरं बोलत होते. झाकलं मी, त्यांनी नाही. सभेत मी मुद्दाम कळणार नाही असं बोललो. विलास, अंथुर्णे.'

मालकाला कळायचं ते कळलंच. तीन संस्थांचं काम गेलं. नोकरी राहिली, का राहिली मला माहीत नाही. मालक अजून माझ्याशी धड बोलत नाही. गावात कुणी वाचलं, कुणी वाचूनही "काय तरी सेटिंग असंल दोघांची" म्हणालं. माणसं एकदा एक गोष्ट मानून बसली की खडूनं लिहून भागत नाही, हेही मला तेव्हाच समजलं. शालनवहिनींनी मात्र वाचल्यावर मला फोन केला आणि दहा मिनिटं झाडलं. बरं वाटलं.

आवर्तन उलटलं त्या दिवशी मी मुद्दाम वरकुट्याला गेलो. वहिनी आधीच येऊन आपल्या वाटणीची ओळ पुसून गेल्या होत्या. चौकोन रिकामा. थोड्या वेळानं तात्या सायकलवरनं आले. उतरले, सायकल लिंबाला टेकवली, चष्मा पुसला. खिसा स्वच्छ होता. मला ते विचित्र वाटलं. लिंबाखाली चौघंजण विडी ओढत बसले होते.

तात्यांनी फळ्यावरचं आधी मनात वाचलं. मग कानात कुणी काही सांगितल्यावर करायचे तसंच केलं. दोन पावलं मागं सरकले आणि त्या आवाजात, रस्त्यापर्यंत जाईल असं, सगळं वाचून काढलं. शेवटचं माझं नाव आणि गावसुद्धा. विडीवाल्यांनी माना वळवल्या.

मी फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं. मला वाटलं, सुटलो.

"सभेला किती माणूस हुतं?" त्यांनी विचारलं.

"दीडशे."

"आन् हितं वाचायला रोज किती येत्यात?"

"तीन-चार येत असतील, तात्या."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि फडकं खोडाच्या खिळ्याला अडकवलं. "मग दीडशे कुठं झालं? अजून एक आवर्तन ऱ्हाऊ दे."

सायकल घेतली आणि फाट्याच्या बाजूला निघाले. पन्नासेक पावलांवर थांबले, मागं वळून फळ्याकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरला.

"इलास," तिथनं ओरडले, "अक्षर ठळक काढ. लांबनं दिसंना."

मी खडू घेतला आणि पहिल्या ओळीपासनं गिरवायला लागलो.